आर्लिंग्टन रो, बायबरी: इंग्लंडमधल्या जुन्या दगडी घरांच्या ओळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारी मराठी मंडळी भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की कोट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागाची एक फेरी हमखास करतात, आणि त्या फेरीत बायबरी गाव असतंच. नदीवरचा छोटा दगडी पूल, पलीकडे उतारावर एकमेकांना खेटून उभी घरं, चार फोटो आणि लगेच पुढचं गाव. या घरांकडे वास्तू म्हणून पाहायचं ठरवलं तर मात्र हा वेळ फार अपुरा पडतो. तिथे जाऊ पाहणारे, जाऊन आलेले आणि जुन्या बांधकामात रस असणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. छपराबद्दलचं उत्तर सगळ्यांत लांब आहे, कारण या ओळीत कारागिरांची सगळ्यांत जास्त अक्कल छपरातच खर्ची पडली आहे.

आर्लिंग्टन रो नेमकं कुठे आहे?

ग्लॉस्टरशायर परगण्यात. सायरनसेस्टर या रोमन काळापासूनच्या शहराच्या ईशान्येला सातेक मैलांवर बायबरी गाव लागतं. मधून कोल्न नदी वाहते आणि नदीपलीकडचा भाग म्हणजे आर्लिंग्टन. गावाची वस्ती जेमतेम सहाशेच्या आसपास. घरांची ओळ नदीकाठच्या कुरणाच्या कडेने सुरू होते आणि चढावर जाते. तिथून वर जाणाऱ्या गल्लीचं नाव ऑकवर्ड हिल.

ही घरं खरंच साडेसहाशे वर्षांची आहेत का?

वास्तू तेवढी जुनी आहे, घरं नाहीत. साधारण १३८० च्या सुमारास इथे जे उभं राहिलं ते मठाच्या मालकीचं लोकरीचं कोठार होतं. माणसांनी राहावं म्हणून ते बांधलेलंच नव्हतं. सतराव्या शतकात त्याच्या आत भिंती घालून, माळे काढून, चुली मांडून विणकरांची बिऱ्हाडं केली गेली. सहलीच्या माहितीपत्रकांत ‘१३८० सालची घरं’ असं सर्रास छापलेलं असतं. त्यातला घोळ इथेच आहे. मूळ सांगाडा मध्ययुगातला, पण दारं, खिडक्या, धुराडी, म्हणजे आपल्या फोटोत येतं ते बरंचसं, नंतरच्या फेरबदलातलं.

मठाला लोकरीचं एवढं मोठं कोठार कशाला लागत होतं?

त्या काळी इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. कोट्सवोल्ड्सच्या टेकड्यांवर माती पातळ, खाली चुनखडक, त्यामुळे नांगरापेक्षा कुरणालाच जमीन सोयीची. इथल्या मोठ्या, लांब केसांच्या मेंढ्यांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीतल्या विणकरांपर्यंत जायची. मठांकडे जमिनी होत्या, कळप होते आणि हिशोब लिहू शकणारी माणसंही होती. बायबरी ऑक्सफर्डजवळच्या ओस्नी मठाकडे होतं. कातरलेली लोकर कोरडी ठेवायची, गठ्ठे बांधायचे आणि व्यापारी येईपर्यंत सांभाळायचे, त्यासाठी लांबलचक, उंच, हवेशीर कोठार हवंच.

या पैशाच्या खुणा आसपासच्या गावांत पसरलेल्या आहेत. नॉर्थलीचचं चर्च पाहिलं तर एवढ्याशा गावात एवढं भव्य देऊळ कुणी बांधलं असा प्रश्न पडतो. उत्तर लोकरीचे व्यापारी. चिपिंग कॅम्डन इथे विल्यम ग्रेव्हल या व्यापाऱ्याचं थडगं आहे. तो १४०१ साली वारला. थडग्यावरच्या पितळी पत्र्यात त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांतलं फूल म्हटलं आहे. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात सभापती आजही लोकर भरलेल्या लाल बैठकीवर बसतात, तीही याच काळाची आठवण. पुढे आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले. ओस्नीची पाळी १५३९ साली आली. मालकी बदलली, कच्च्या लोकरीपेक्षा कापडाला भाव आला आणि रिकाम्या कोठाराला नवं काम मिळालं.

कोठाराची घरं झाली हे आज कशावरून ओळखायचं?

पुलावर उभं राहून आधी छपराची वरची रेघ पाहा. घरं वेगवेगळी, तरी आढं एकामागे एक असं सलग धावताना दिसतं. सुटी घरं एकेक करून बांधली असती तर छपरं अशी जुळली नसती.

मग त्या रेघेला छेद देणारे त्रिकोणी माथे पाहा. कोठाराच्या उंच पोकळीत मधोमध तक्तपोशी टाकली की वरचा मजला थेट छपराच्या उतारात येतो. तिथे उजेड आणि डोकं वर करण्याइतकी जागा हवी, म्हणून छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या काढल्या आणि त्यांच्यावर छोटी छोटी त्रिकोणी छपरं चढवली. या ओळीचा जो चेहरा जगभर ओळखला जातो, तो या गरजेतून आला आहे. कुणी शोभेसाठी आखलेला नाही.

धुराडी तिसरी खूण. लोकरीच्या कोठारात चूल पेटवणारा माणूस वेडाच म्हणायचा. धुराडी माणसं राहायला आल्यावरची. खिडक्यांकडेही नीट पाहा: त्या एका पातळीत नाहीत, एका मापाच्याही नाहीत. आधी भिंत होती, मग आत घर बसवलं आणि जिथे उजेड हवा तिथे भोक पाडलं, असा तो क्रम आहे. मला स्वतःला ही विषम मांडणीच सगळ्यांत आवडते, कारण प्रत्येक खिडकी आतल्या माणसाच्या अडचणीचा पत्ता देते.

दगड कोणता आहे? मधासारखा रंग कसा येतो?

तो ऊलाइट जातीचा चुनखडक आहे, जुरासिक काळातला, साधारण सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे उबदार, उथळ समुद्र होता. तळाशी वाळूच्या किंवा शिंपल्याच्या कणाभोवती चुन्याचे थर चढत गेले आणि माशाच्या अंड्यांएवढे गोल दाणे तयार झाले. अशा दाण्यांचा दाबून झालेला हा खडक. भिंतीजवळ जाऊन पाहिलं तर काही चिऱ्यांत हे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पिवळेपणा लोहाच्या अंशामुळे येतो. कोट्सवोल्ड्सच्या उत्तरेकडच्या गावांत, चिपिंग कॅम्डनच्या बाजूला, रंग गडद सोनेरी आहे. बायबरीकडे तो फिकट, सायीकडे झुकणारा, आणि वर शेवाळ-दगडफुलाचा करडा थर. दुपारच्या तिरप्या उन्हात ‘मध’ दिसतो. ढगाळ दिवशी हीच घरं राखाडी दिसतात आणि त्यात निराश होण्यासारखं काही नाही.

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाढलेल्या माणसाला हा दगड फारच मऊ वाटेल. खाणीतून ओला काढला की करवतीने कापता येतो आणि हवेत राहून वरून कठीण होतो. याच्या जातकुळीतला चुनखडक मुंबईकरांच्या रोजच्या पाहण्यातला आहे: फोर्टातल्या इंग्रजी अमदानीतल्या इमारतींना वापरलेला फिकट पोरबंदर दगड.

छपरावर कौलं नाहीत, मग काय आहे?

छपरावरही तोच चुनखडक आहे, पातळ पाट्या काढून बसवलेला. इथून पुढे थोडं सावकाश वाचा, कारण ही ओळ कळण्याची किल्ली या पाट्यांत आहे.

सगळाच चुनखडक पातळ फुटत नाही. काही ठिकाणी खडकाचे थर नैसर्गिकरीत्याच पातळ असतात आणि जमिनीपासून थोड्याच खोलीवर तयार पाट्या मिळतात. दुसऱ्या ठिकाणी ते काम थंडी करते. ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्ड गावात शरद ऋतूत खाणीतून दगडाचे ठोकळे काढून बाहेर मांडत आणि ओले ठेवत. कडाक्याची थंडी पडली की आतलं पाणी गोठून फुगायचं आणि ठोकळा थराथराने सुटायचा. दगड वाळला तर पुन्हा कधीच नीट फुटायचा नाही, म्हणून थंडी चांगली पडली नाही तर ठोकळे मातीखाली ओलसर झाकून पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायची. गोठणाऱ्या रात्री चर्चची घंटा वाजवून गावकऱ्यांना दगडावर पाणी शिंपायला उठवत असं तिथे सांगतात. आणखी एक गोष्ट याच खाणींतली: इथे सापडलेल्या हाडांवरून विल्यम बकलंड यांनी १८२४ साली मेगॅलोसॉरसचं वर्णन प्रसिद्ध केलं. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर. छपराच्या पाट्या काढताना सापडला.

आता पाट्या छपरावर कशा बसतात ते पाहू. प्रत्येक पाटीला वरच्या टोकाशी एक भोक, त्यात ओकच्या लाकडाची खुंटी, आणि ती खुंटी वाशांवर ठोकलेल्या रिपेला अडकवलेली. पाटी नुसती लोंबते. सगळा भार खालच्या लाकडावर येतो आणि हा भार साधा नाही: एका चौरस मीटरला साधारण शंभर किलो. म्हणून आतले वासे जाडजूड आणि म्हणूनच वर्षांच्या ओझ्याने छप्पर कुठे कुठे झोळीसारखं खचलेलं दिसतं.

उतारही तीव्र असतो, साधारण पन्नास अंश किंवा थोडा जास्त. या पाट्या खडबडीत, थोड्याफार पाणी शोषणाऱ्या. उतार कमी ठेवला तर पावसाचं पाणी पाट्यांमध्ये रेंगाळतं, आत शिरतं आणि गोठलं की पाटी फोडतं. तीव्र उतारावरून ते झटकन निघून जातं.

मग पाट्यांचं माप पाहा. वळचणीला सर्वांत मोठ्या, दोन फुटांच्या आसपास लांब. तिथून वर चढत जाल तशा लहान होत जातात आणि आढ्यापाशी तळहाताएवढ्या. याला दोन कारणं आहेत. खाली येता येता पाणी वाढत जातं, तेव्हा वळचणीला मोठी पाटी आणि लांब पदर हवा. आणि जड पाट्या भिंतीच्या जवळ ठेवल्या की वरच्या लाकडावरचा ताण कमी होतो. खाणीतून निघालेल्या लहान-मोठ्या सगळ्याच पाट्या वापरल्या जातात, वाया काही जात नाही, हाही फायदा. कारागीर मापांप्रमाणे पाट्यांना नावं ठेवत. त्यांतली एक जात चक्क ‘बॅचलर’ म्हणून ओळखली जायची. शिडीवर बसलेला माणूस नाव ओरडायचा आणि खालचा तेवढीच पाटी वर द्यायचा.

पाट्यांची रुंदी मात्र ठरलेली नसते. दोन पाट्यांमधली फट वरच्या पाटीने झाकली गेलीच पाहिजे, नाहीतर गळती ठरलेली. प्रत्येक पाटी हातात घेऊन, फिरवून, शेजारणीशी जुळवून लावावी लागते. दोन पाखं जिथे आत मिळतात तिथे आज शिशाचा पत्रा घालतात. इथल्या जुन्या कारागिरांनी अरुंद पाट्या वळवत वळवत एका पाख्यावरून दुसऱ्यावर नेल्या, त्यामुळे तो कोपरा कापडाला पडलेल्या घडीसारखा मऊ दिसतो. आर्लिंग्टन रोवर इतके त्रिकोणी माथे आहेत की अशा जागा पावलोपावली येतात.

आढ्यावरचे दगड वेगळे. ते अखंड ठोकळ्यातून उलट्या पन्हळीसारखे कोरून काढलेले असतात.

मग अशा पाट्या आज मिळतात का?

मिळतात, पण कमी आणि महाग. जुन्या खाणी बहुतेक बंद झाल्या. बरेचदा पडक्या गोठ्याच्या छपरावरच्या पाट्या काढून दुसऱ्या घरावर चढवल्या जातात. दुरुस्तीची निकड कळते, तरी ही पद्धत मला खटकते. एका वास्तूचं छप्पर वाचवायला दुसरीचं उघडं पडतं. लहान प्रमाणात नव्या खाणी चालू ठेवणं आणि पाट्या फोडणारे हात टिकवणं हाच खरा उपाय आहे.

भिंतींच्या दुरुस्तीला सिमेंट का चालत नाही?

या भागातल्या जुन्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून दुसरा आणि मध्ये कपच्यांची भर. त्यांना जोतं असलं तरी ओल अडवणारा आजच्यासारखा थर नसतो. भिंत पाणी थोडं पिते आणि कोरड्या हवेत ते परत सोडते. चुन्याच्या दरजांतून ही ये-जा सुरळीत चालते. शिवाय चुना दगडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे झीज झालीच तर दरजेची होते, दगडाची नाही. दरज शंभर वर्षांनी पुन्हा भरता येते.

सिमेंटने दरजा भरल्या की पाण्याला वाट फक्त दगडातून उरते. हिवाळ्यात ते दगडाच्या कातडीखाली गोठतं आणि चिऱ्याचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा गळून पडतो. पुण्या-नाशिकातला एखादा वाडा सिमेंटने ‘पक्का’ केल्यावर आतून कसा ओलावत जातो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. विटा-दगड बदलतात, चुन्याचा धर्म तोच राहतो. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात कितीतरी घरांचं असं नुकसान झालं आणि मग चुन्याची कामं नव्याने शिकावी लागली.

घरांसमोरचं पाणथळ कुरण कशासाठी आहे?

त्याला रॅक आयल म्हणतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गिरणीकडे जाणारा पाट, मध्ये हे बेट. विणकरांनी मागावर विणलेलं लोकरी कापड तसंच वापरता येत नसे. ते तेलकट असायचं आणि वीण सैल. ते जवळच्या आर्लिंग्टन गिरणीत जायचं. तिथे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे ते पाण्यात आणि मातीत तासन्‌तास कुटायचे. ही माती म्हणजे आपली मुलतानी माती ज्या जातीची, तीच. तेल शोषून घेणारी. कुटून कापड आटायचं, दाट व्हायचं आणि ऊब धरायचं. मग ओलं कापड बेटावरच्या लाकडी चौकटींवर आकड्यांनी ताणून वाळत घालायचे. चौकटींवरूनच बेटाचं नाव पडलं.

गिरणीच्या जागेवर चक्की असल्याची नोंद राजाने करवलेल्या १०८६ सालच्या डूम्सडे पाहणीत आहे. घरं, बेट आणि गिरणी हे तिन्ही मिळून एक कारखाना होता असं समजून पाहा. नुसत्या घरांचा फोटो काढणारा माणूस कारखान्याचा एकच विभाग पाहून परततो. बेट आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि पाणपक्ष्यांसाठी राखलेलं आहे, त्यामुळे आत उतरू नये.

घरं आतून पाहता येतात का?

नाही. नॅशनल ट्रस्टने ती भाड्याने दिलेली आहेत आणि तिथे माणसं राहतात. एक घर सुट्टीसाठी राहायला मिळतं, त्याचं आरक्षण बऱ्याच आधी करावं लागतं. आत अपेक्षा काय ठेवावी? ठेंगणी छतं, उघड्या तुळया, वाकून जावं लागेल अशी दारं, भिंतीच्या कोपऱ्यातून वळत जाणारा अरुंद जिना. उंच माणसाने कपाळ सांभाळावं.

हेन्री फोर्ड ही घरं अमेरिकेत नेणार होते, हे खरं आहे का?

फोर्डना ही अख्खी ओळ विकत घेऊन मिशिगनला न्यायची होती असं अनेक वर्षं सांगितलं जातं. ती सांगोवांगीची गोष्ट म्हणून ऐकावी. पण तिच्यामागे एक पक्की घटना आहे: बायबरीपासून जवळच असलेल्या चेडवर्थ गावातलं एक दगडी घर त्यांनी खरोखर विकत घेतलं, दगड न्‌ दगड सुटा करून १९३० साली मिशिगनमधल्या डिअरबर्नला नेलं आणि तिथल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात पुन्हा उभं केलं. ते तिथे आजही आहे. छान ठेवलं आहे, तरी त्याच्याखाली त्याचा खडक नाही आणि शेजारी त्याची नदी नाही. कोट्सवोल्ड्सचं घर म्हणजे पायाखालची जमीन उचलून केलेली भिंत. दुसऱ्या खंडात त्याचा निम्मा अर्थ हरवतो.

मग ही ओळ वाचली कशी?

कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांचं नाव आधी घ्यायला हवं. ते १८७१ पासून इथून फार दूर नसलेल्या केल्म्स्कॉटच्या घरात राहायचे. बायबरीला त्यांनी इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर गाव म्हटल्याचं सांगतात. त्या वाक्यापेक्षा त्यांचं काम मोठं आहे. १८७७ साली त्यांनी आणि वास्तुविशारद फिलिप वेब यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि एक विचार रुजवला: जुनी वास्तू नव्यासारखी करू नका, तिची डागडुजी करा. हा विचार आज जगभरच्या संवर्धनाचा पाया आहे.

प्रत्यक्ष आर्लिंग्टन रो १९२९ साली रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने विकत घेतली. तोपर्यंत संवर्धन म्हटलं की किल्ले, चर्च, जहागीरदारांचे महाल एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मजुरांची, विणकरांची घरं पाडून नवी बांधणं हीच सुधारणा समजली जायची. त्या काळात गरिबांच्या घरांना वास्तुकलेचा मान देणं हे धाडसाचं होतं. त्याच वर्षी याच संस्थेने बकिंगहॅमशायरमधल्या वेस्ट वायकम गावाचा मोठा भाग घेतला. पुढे १९४९ साली आर्लिंग्टन रो नॅशनल ट्रस्टकडे आली.

आर्लिंग्टन रोला मिळालेला ‘ग्रेड १’ दर्जा म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी आहे. तीत सर्वांत वरचा दर्जा ग्रेड १, आणि यादीतल्या अडीच टक्क्यांच्या आसपास इमारतींनाच तो मिळाला आहे. राजवाडे, मोठी चर्चं यांच्या पंगतीला विणकरांची ही ओळ बसते. परवानगीशिवाय वास्तूच्या स्वरूपात बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे, मग ती खिडकीची चौकट असो की आतली जुनी भिंत.

इंग्लंडमधली सगळी जुनी गावं अशीच दगडी असतात का?

मुळीच नाही. सफोकमधल्या लेव्हनमला जा, तिथे दगड नाही म्हणून ओकच्या लाकडी चौकटी आणि मातीचा गिलावा. डेव्हनमध्ये मातीच्या जाड भिंती आणि गवताची छपरं. जमिनीखाली काय आहे त्यावर गावाचा चेहरा ठरायचा, कारण बैलगाडीने दगड फार लांब नेणं परवडत नसे. आणखी एक जुनी ओळ पाहायची असेल तर सॉमरसेटमधल्या वेल्स शहरात व्हिकर्स क्लोज आहे. ती चौदाव्या शतकात मुळातच राहण्यासाठी बांधली. आर्लिंग्टन रोच्या शेजारी ती ठेवून पाहिली की आखून बांधलेली ओळ आणि घडत गेलेली ओळ यांतला फरक चटकन कळतो.

या भागाचं आपल्याशी काही नातं आहे का?

आहे, आणि थोडं बोचरंही. बायबरीच्या ईशान्येला पंधरा-वीस मैलांवर डेल्सफर्ड हाउस आहे. १७८८ साली ही वडिलोपार्जित जागा पुन्हा विकत घेऊन तिथे नवं घर बांधणारा मालक म्हणजे वॉरन हेस्टिंग्ज. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध आणि १७८२ चा सालबाईचा तह याच गव्हर्नर जनरलच्या कारकिर्दीतला. तो १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षी वारला आणि तिथेच पुरला गेला. घराचा आराखडा सॅम्युएल पेपिस कॉकरेल यांचा. त्यांनीच पुढे १८०५ च्या सुमारास आपल्या भावासाठी जवळच सेझिनकोट बांधलं. कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये कमावलेला पैसा, मुघल धाटणीच्या कमानी आणि वर तांब्याचा घुमट. कोट्सवोल्ड्सच्या हिरव्या टेकडीवर ते पाहताना जीव थबकतो.

कापडाचाही धागा आहे. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड खोऱ्यातलं जाड लोकरी कापड ईस्ट इंडिया कंपनी घ्यायची. जुन्या मराठी कागदांत सकलाद म्हणून जे विलायती कापड येतं, ते याच प्रकारचं.

तिथे वागताना काय सांभाळावं?

२०१७ साली इथल्या एका वृद्ध रहिवाशाची पिवळी गाडी कुणीतरी फोडली. गाडीमुळे फोटो बिघडतात अशी पर्यटकांची तक्रार त्याआधीपासून चालू होती. नंतर देशभरातले पिवळ्या गाड्यांचे मालक ताफा घेऊन त्यांच्या पाठिंब्याला गावात आले. यातून घ्यायचं ते घ्या. उंबऱ्यावर बसून फोटो काढू नका, खिडकीतून आत डोकावू नका, कुंपणाच्या भिंतीवर मुलांना चढवू नका. ती भिंत चुन्याशिवाय, नुसती रचलेली असू शकते. ड्रोन तर घरीच ठेवा.

वेळ कमी असेल तर काय पाहावं?

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. पुलावरून आढ्याची रेघ पाहा, मग घरांपुढच्या वाटेने चढत जाऊन एकाच छपरावर वळचणीपासून वरपर्यंत पाट्या कशा लहान होतात ते पाहा. ऑकवर्ड हिलवर थोडं चढून मागे वळलं की छपरं वरून दिसतात आणि पाट्यांची वळणं नीट कळतात. तिथून गिरणीपर्यंत चालत जा. सेंट मेरी चर्चमध्ये सॅक्सन काळातलं काम शिल्लक आहे, तेही सोडू नका.

गाडी नसेल तर कसं जायचं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून केम्बलपर्यंत आगगाडी, तिथून सायरनसेस्टर आणि मग बायबरीची बस. बस दिवसाला मोजक्याच असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवा. गावातली वाहनतळाची जागाही तुटपुंजी आहे, तेव्हा मोठा गट असेल तर बस नेण्याआधी सध्याचे नियम तपासा.